लाभ, दोन, तीन

रोशनीच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही हे दयारामला आठवलं ते पनवेलच्या उरण नाक्यावर, सुक्या जवळ्याच्या ढिगापुढे उभं असताना. खरं तर आठवलं असं म्हणणंही बरोबर नव्हे. विसरलेली गोष्ट आठवते. हे पत्र दसऱ्यापासून त्याच्या घरीच राहायला होतं. आलं त्या दिवशी त्याने ते हातातल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं, ते पुस्तक संपल्यावर दुसऱ्यात, दुसरं संपल्यावर तिसऱ्यात, आणि अशा रीतीने ते पत्र एखाद्या भिडस्त पाहुण्यासारखं कुठेच नीट न टेकता पुस्तकापुस्तकांतून पुढे सरकत राहिलं होतं. दुपारी पुस्तक उघडलं की आधी तेच हाताला लागे. दयाराम स्वतःला बजावी की उत्तर विचार करून लिहायला हवं, आणि विचार करायचा तर आधी एवढं प्रकरण संपायला हवं. "पोरीनं कागद धाडलाय," त्याची बायको कृष्णाबाई म्हणे, "दोन ओली खरडल्या तर हात झिजनार नाय तुमचा." हात झिजणार नाही हे त्यालाही मान्य होतं. झिजायचं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय याचा शोध लावण्यापेक्षा पुढलं पान उलटणं बरं वाटे.

बाजारात त्याला आणलं होतं उदयसिंहने. सुकापूरच्या त्या इमारतीत दयाराम तळमजल्यावर आणि उदयसिंह त्याच्या डोक्यावर राही. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता न्हावा शेव्याच्या एका कंटेनरवाल्याच्या ऑफिसात बसून ट्रकवाल्यांवर ओरडणारा माणूस. चष्मा लावणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी मास्तर. दयारामने जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं, परळच्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात उभी नोकरी काढली होती, हे त्याने उदयसिंहला दोनदा सांगितलं आणि मग सोडून दिलं. बुधवारच्या सुट्टीला स्कूटर काढून तो खालूनच हाक मारी, "मास्टरजी, मच्छी!" करंजाच्या कोळ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला मासळीतलं सगळं कळतं अशी त्याची समजूत. दयारामला कळत होतं ते एवढंच, की बाजारात आपला आवाज आपल्याला सोडून जातो. लहानपणी बंदरावर लिलाव पुकारणाऱ्या बापामागे लपून तो चण्या-फुटाण्याच्या कागदावरचा, साखरेच्या पुडीवरचा, मिळेल तो छापील मजकूर वाचत उभा राही, बाप म्हणे, "ह्यो पोरगा माशे इकनार नाय, माशांवरची रद्दी इकेल."

भामा त्याच्याच गावची. तिने माप ढिगात खुपसलं, काठोकाठ भरलं, वरचा जवळा तळव्याने हलकेच सारला आणि उदयसिंहच्या पिशवीत ओतताना म्हणाली, "लाभ." पुढचं ओतताना, "दोन." मग "तीन." मग "चार." आणि माप उपडं घालून ती पैशांसाठी हात पुढे करून बसली.

"रुको, रुको," उदयसिंह म्हणाला. "चार बोला था. ये तो तीन हुए."

"चार झाली."

"दो, तीन, चार. कितने हुए? तीन! और वो पहलावाला तो लाभ था. लाभ मतलब फायदा. फायदा तो ऊपर का होता है ना बाई?"

भामाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग शेजारच्या बोंबीलवालीकडे. "आयकलंस का गं? ह्या फौजदाराला माजा पयला माप फुकट पायजे!"

"फुकट कसं, लाभ झाला त्याला," शेजारीण म्हणाली. "आता शुभ पन मागंल. शुभ कोनच्या मापानं देशील?"

चारदोन माणसं थांबली. पनवेलच्या बाजारात थांबायला एवढं कारण पुरतं. कुणी म्हणालं, भैयाचं बरोबर आहे, बाई एक म्हणालीच नाही. कुणी म्हणालं, अहो, पहिल्या मापाला कधी एक म्हणतात का? उदयसिंह रागावला नव्हता. कोडं पडलं की तो अंगाने फुगे. त्याने दोन्ही हात दयारामकडे वळवले. "मास्टरजी, आप बोलो. पढ़े-लिखे आदमी हो. एक कहाँ गया?"

आणि तिथे, जवळ्याच्या त्या खारट, ऊन लागलेल्या वासात, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन उभं असताना, दयारामला ते पत्र आठवलं. एक कुठे गेला? हाच तर रोशनीचा प्रश्न होता. तिने चार पानं भरून विचारला होता तो हाच. आता उत्तर द्यायचं होतं, आणि तेही चारचौघांत. अशा वेळी त्याला नेहमी संस्थेतलं ते व्याख्यानाचं सभागृह आठवे: वर फिरणारे लांब दांड्यांचे पंखे, मागल्या रांगेतली त्याची खुर्ची, आणि सूचीच्या एका साध्या मुद्द्यावर तो एकदाच, उभ्या आयुष्यात एकदाच, बोलायला उठला तेव्हा व्यासपीठावरून आलेलं वाक्य, "वा, कपाटांना वाचा फुटली!" सगळे हसले होते. मनात पाप ठेवून कुणी हसलं नव्हतं, चहाची वेळ झाली होती. तोही हसला होता. पण त्या दिवसापासून बोलण्याआधी त्याला स्वतःच्या जागी एक कपाट दिसू लागलं, स्टीलचं, करड्या रंगाचं, दार किंचित कुरकुरणारं. आणि कपाट बोलत नाही म्हणून कुणी त्याला दोष देत नाही, ही त्यातली सोय.

रोशनी त्या कपाटांमध्येच भेटली होती. उरणची, नाखव्यांची मुलगी, खांद्याला शबनम, कुठलंही जर्नल परत जागेवर न ठेवणारी. दयारामने त्या काळी मागणीची एक चिठ्ठी तयार केली होती: बाहेरगावच्या संशोधकाला एखाद्या लेखाची झेरॉक्स हवी असली तर त्याने नाव काय लिहायचं, खंड कुठला, आवृत्ती कुठली, आणि पानं कुठून कुठपर्यंत, तर दोन्ही टोकांची पानं धरून. या शेवटच्या चार शब्दांवर तो वर्षभर झुरला होता, कारण बारा ते पंधरा म्हटलं की काही लोक तीन पानं पाठवत आणि काही चार. पुढे बऱ्याच ग्रंथालयांनी ती चिठ्ठी उचलली. चिठ्ठीवर नाव कुणाचंच नव्हतं, आणि ते त्याला आवडलं होतं. रोशनी मात्र ओरडली होती, "काका, ही तुमची आयडिया? मग सही करा की खाली!"

आता ती पुण्याच्या एका संस्थेत होती आणि तिच्या पत्रात संगणक होते. माणसाच्या, भाताच्या, जंतूंच्या जनुकांची अक्षरं लोक आता संगणकात भरून ठेवताहेत, तिने लिहिलं होतं, पण काका, तुमच्या वेळच्या ग्रंथालयांसारखंच आहे सगळं. एकाकडे जुनी प्रत, एकाकडे नवी. एक जण फ्लॉपीच्या चकतीवर मागवतो, एक जण फोनच्या तारेवरून. आणि मोजणी ज्याची त्याची वेगळी. संगणकवाले शून्यापासून मोजतात. आम्ही एकापासून. डॉक्टर लोक तर पहिल्याला मोजतच नाहीत. मग तिने रक्तातल्या त्या साखळीचं सांगितलं होतं, ज्यातला एक दुवा चुकला की रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. पेशी ती साखळी विणायला घेते तेव्हा पहिला दुवा ठरलेला असतो. विणून झालं की तो उसवून टाकते. जुन्या डॉक्टरांना साखळी उसवलेलीच मिळाली, म्हणून त्यांच्या मोजणीत चुकलेला दुवा सहावा. अक्षरांवरून मोजणाऱ्यांच्या मोजणीत तोच सातवा. आणि गंमत म्हणजे, तिने गमतीखाली रेघ मारली होती, डॉक्टरांच्या मोजणीतले सहावा आणि सातवा दुवा निरोगी माणसात जुळ्या भावांसारखे अगदी सारखे असतात. त्यामुळे आमच्याकडच्या एकाने नवा सातवा जुन्या मोजणीने शोधला, तेव्हा हवा तसाच दुवा तिथे सापडला आणि कुणाला शंकाच आली नाही. तपासणी भलत्याच भावाची झाली. तुमच्या पनवेलकडच्या डोंगरपायथ्याच्या एका वाडीतले सगळे नमुने निरोगी म्हणून लिहिले गेले. बुधी नावाची बाई कागद घेऊन परत आली आणि म्हणाली, तुमचा कागद बरा हाय बाय, माजं गुडघं नाय. तेव्हा मी सगळे पुन्हा तपासले. आता तिला औषध सुरू आहे, बरी आहे, मला भाजी देऊन गेली.

मग खरी मागणी होती. डिसेंबरच्या आरंभी दहा प्रयोगशाळांची बैठक आहे. कुठल्याही प्रतीतला कुठलाही तुकडा कसा मागायचा याचा एकच नियम ठरवायचा आहे, एका पानाचा. आमचे साहेब म्हणतात जुनंच चालू द्या. संगणकवाले म्हणतात शून्य. मी सगळ्यांत लहान, माझं कोण ऐकणार? तुमच्या चिठ्ठीवर यातले निम्मे लोक मोठे झाले आहेत, फक्त ती कुणाची हे त्यांना माहीत नाही. तुम्ही एक पान लिहा, खाली तुमचं नाव घाला. या वेळी ठरलं नाही तर जो तो आपापली मोजणी घेऊन घरी जाईल, आणि असे बरे कागद निघतच राहतील. पत्राच्या शेवटी तिने संगणकावरचा एक पत्ता दिला होता, त्यात तिच्या नावापुढे, दुकानदार बिलावर दरासाठी काढतात ते शेपूट गुंडाळलेल्या इंग्रजी 'ए'चं चिन्ह होतं. रोशनी, दर अमुक. दयारामने ते बराच वेळ पाहिलं होतं. या जगात आपल्याला पत्तासुद्धा वाचता येत नाही, आणि आपण नियम लिहायचा!

"मास्टरजी?" उदयसिंह म्हणाला.

"गेला कुठे नाही," दयाराम म्हणाला, आणि आवाज आपलाच आहे हे कळून जरा दचकला. "एक आहे तिथेच आहे. त्याला एक म्हणायचं नाही इतकंच. मोजायला बसलं की पहिल्या मापाला लाभ म्हणतात. पण ते मोजलेलं असतं. म्हणून तर पुढच्याला ही एक म्हणाली नाही, दोन म्हणाली. नाव दुसरं दिलं, जागा तीच आहे."

"लाभ मतलब एक?"

"लाभ म्हणजे पहिलं."

"तो चार हुए?"

"चार."

"देवा!" भामा म्हणाली. "दयारामदादा बोलला! आमच्या बंदरावर सांगितलं तर कोनी खरं मानायचा नाय." लोक हसले, आणि दयारामला नवल वाटलं की हे हसू कानांवरून घसरून गेलं, आत उतरलं नाही. उदयसिंहने पैसे दिले, पिशवी उचलली, आणि जाताजाता भामाला म्हणाला, "बाई, अगली बार आखिरीवाला भी लाभ बोलना." "तुजी बायको बोलंल तुला," भामा म्हणाली, "एवढा जवला घेऊन गेल्यावर."

स्कूटरच्या मागल्या सीटवर पिशवी मांडीत धरून बसलेल्या दयारामला आई दिसत होती. चेहरा नव्हे, हात. भाताचं माप धरलेले, बोटांच्या पेरांत खारं पाणी मुरलेले हात, आणि ओठांतून पुटपुटल्यासारखं येणारं लाभ, दोन, तीन. लहानपणी त्याने विचारलं होतं, एक का नाही म्हणत? ती म्हणाली होती, एकट्याला एक म्हनू नये, त्याला वाईट वाटतं. हे कारण खरं नसणार. पण त्या वयात त्याला ते इतकं पटलं होतं की वर्गात हजेरीला पहिला क्रमांक आला तेव्हा तो मान खाली घालून मनातल्या मनात लाभ म्हणाला होता. पुलावरून उतरताना वारा डोळ्यांत गेला, ट्रकांची रांग न्हाव्याकडे वळत होती, उदयसिंह एका ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता, आणि दयारामच्या डोक्यात वाक्यं येत होती. त्याला वाक्यं येताना नेहमी भीती वाटे, कारण मागोमाग त्यांना खोडणारी वाक्यं येत. आज खोडणारी कुठेतरी मागे, सिग्नलला अडकली असावीत.

ती खोडणारी वाक्यं घरी येऊन पोचली, नाही असं नाही. जेवण झाल्यावर कागद पुढे ओढून तो बसला आणि त्याला दिसलं की सगळंच पोरकट आहे. दहा प्रयोगशाळा, परदेशी शिकून आलेली माणसं, आणि त्यांना सांगायचं काय, तर उरण नाक्यावर जवळा कसा मोजतात! त्याने जवळा वगळून लिहिलं. मागणाऱ्याने प्रतीचं नाव लिहावं, तिची आवृत्ती लिहावी, तुकडा कुठून कुठपर्यंत ते दोन्ही टोकं धरून लिहावं. मजकूर बरोबर होता आणि त्यात जीव नव्हता. आपण लिहिलेलं कपाटाने लिहिल्यासारखं वाटणं त्याला सवयीचं होतं. शून्यवाल्यांना काय सांगायचं? त्यांचंही काही चूक नव्हतं. ही इमारतच शून्यापासून मोजलेली होती. तळमजल्याला कुणी पहिला म्हणत नाही, म्हणून उदयसिंह पहिल्या मजल्यावर. गावाकडून येणारे त्याचे नातेवाईक मात्र खालच्यालाच पहिला मजला धरून, हमखास दयारामची बेल वाजवत आणि दार उघडताच वाकून पायाला हात लावत. दोनदा त्याने लाजून आशीर्वादही दिला होता. म्हणजे घरात हवं तसं मोजा. पण दारावर, बाहेरच्याला पत्ता सांगताना, कुठून मोजलं ते सांगा. हे त्याने लिहिलं. नातेवाइकांसकट लिहिलं, आणि लिहून झाल्यावर आपण हसतो आहोत हे त्याला कळलं.

मागितलं होतं एक पान, पण पहिला कागद भरला तरी मजकूर संपेना. दुसरा घेतला आणि हाताच्या सवयीने त्याच्या डोक्यावर आकडा घातला: २. मग तो थांबला. पहिला कागद पुन्हा ओढून पाहिला. त्याच्या डोक्यावर आकडा नव्हता. तिथे 'श्री' होता. जन्मभर हजारो पत्रं त्याने अशीच लिहिली होती, बापाने लिहिली होती, संस्थेतल्या त्या व्यासपीठावरच्या शास्त्रज्ञानेही घरी लिहिताना अशीच लिहिली असणार. पहिल्या पानावर श्री, दुसऱ्यावर दोन, आणि आजवर कुणाचंही पान हरवलं नव्हतं. त्याला एकदम खूप बरं वाटलं. उकाड्यात कुणी खिडकी उघडावी तसं. त्याने नवा परिच्छेद घेतला आणि भामाला, तिच्या मापाला, उदयसिंहच्या लाभाला त्यात आणून बसवलं. मग लिहिलं: पहिल्याला कुणी लाभ म्हणो, श्री म्हणो, उसवून टाको, तो होता, म्हणून तो मोजावा. त्याच्या पुढच्याला मात्र सगळ्यांनी दोनच म्हणावं. जुन्या कागदांवरचा सहावा खोडू नये, कारण लोकांच्या पेटीत तेच कागद आहेत; त्याच्या शेजारी 'जुन्या मोजणीने' एवढं लिहावं. आम्ही पुस्तकांना नवे क्रमांक दिले तेव्हा जुन्यावर बारीक रेघ मारत असू, तो वाचता येईल अशी.

"काय हसताव एकलेच?" कृष्णाबाई दारातून म्हणाली. त्याने तिला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"रोशनीला समजंल," ती म्हणाली. "तिची आजी माप घेऊन बसायची मोरा बंदरावर. बाकीच्यांना समजंल का?"

"तीच भीती आहे."

"मंग तुमी नाव घालू नका. भामाचं घाला."

त्याने चमकून पाहिलं. ती निवडलेले खडे बाजूला करत होती, चेहरा गंभीर. पण तिच्या नाकपुडीशी एक सुरकुती हलत होती, आणि इतक्या वर्षांनी त्याला ती सुरकुती वाचता येत होती. नाव. हसले तर? हसतीलच. जवळा वाचून दहापैकी दोन तरी हसतील. मग त्याला वाटलं, हसले तर लक्षात राहील. रोशनीला लक्षात राहणारंच हवं आहे. साहेबांपुढे ती एकटी उभी राहणार, हातात हे दोन कागद. त्यांच्याखाली कुणाचं नावच नसेल तर ते तिनेच मनाने रचलं म्हणतील. आपण नाव न घालण्याला आजवर नम्रपणा म्हणत आलो. आज त्या रिकाम्या जागेत एक मुलगी उभी होती. त्याने टोपण काढलं आणि सही केली, दयाराम, पूर्ण, बापाच्या नावासकट. अक्षर जरा मोठंच आलं.

"चला," कृष्णाबाई पदर सारखा करत म्हणाली. "मी पन येते."

"कशाला? उद्या सकाळी टाकतो ना."

"उद्या ते एकाद्या पुस्तकात सापडंल मला."

पोस्ट उघडं होतं. लिफाफ्याचं वजन झालं, तिकीट लागलं, आणि कृष्णाबाई पायरीखाली चपला न काढता, लग्नघरी मुलगी पाठवायला आल्यासारखी उभी राहिली. पेटीच्या फटीत दयारामने लिफाफा अर्धा सारला आणि तसाच धरून ठेवला. 'झेरॉक्स'चं स्पेलिंग बरोबर होतं का? साखळीतल्या तुकड्याला दुवा म्हणावं की कडी? मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, पत्र टाकताय की बाहेर काढताय?" आणि दयारामची बोटं सुटली.

तो पेटीकडे पाहत राहिला.

"पडलं का?" कृष्णाबाईने विचारलं.

"पडलं."

"आवाज नाय आला."

"आत बाकीच्यांची आहेत ना," दयाराम म्हणाला. "त्यांच्यावर पडलं."